सोलापुरात पहिली स्पोर्ट्स कार घेताना: किती हॉर्सपॉवर पुरे, किती पैसे रास्त?

उत्तर आधी सांगतो, हिशेब नंतर. सोलापुरात राहून रोज वापरायची पहिली जोरकस गाडी घ्यायची असेल, तर ११० ते १६० पीएस (हॉर्सपॉवरचं एक माप), वजन सव्वा टनाच्या आसपास आणि ऑन-रोड किंमत १२ ते २३ लाख, एवढ्या चौकटीत बघा. याच्या खाली गाडी नुसती स्टिकरची स्पोर्टी ठरते. २५० पीएसच्या वर गेलात तर त्यातली निम्मी ताकद आपल्या रस्त्यांवर कधी बाहेरच पडत नाही, पैसे मात्र पूर्ण जातात. हे आकडे कुठून आले ते पुढे पायरी-पायरीने मांडलं आहे. आपल्या गाडीचे आकडे घालून प्रत्येकाने हिशेब स्वतः करून बघावा.

पायरी १: ब्रोशरमधला आकडा नीट वाचा

आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये ताकद कधी पीएसमध्ये असते, कधी बीएचपीमध्ये. १ बीएचपी म्हणजे १.०१४ पीएस. १५० पीएस म्हणजे साधारण १४८ बीएचपी. फरक किरकोळ आहे, पण दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणा. किलोवॉट दिले असतील तर १.३६ ने गुणा, पीएस मिळतील.

हा आकडा शिखराचा असतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत तो ५,००० ते ६,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळतो आणि रोजच्या चालवण्यात इंजिन तिथे क्वचितच पोचतं. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो टॉर्कवर (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) आणि तो टॉर्क किती खालच्या आरपीएमला मिळतो यावर ठरतो. १.५ लिटरच्या टर्बो (हवा दाबून आत ढकलणाऱ्या) इंजिनाला २५० न्यूटन-मीटर १,६०० आरपीएमच्या आसपास मिळतात. तेवढ्याच क्षमतेच्या बिनटर्बो इंजिनाला १४५ च्या आसपास मिळतात, तेही ४,००० च्या वर. म्हणून ब्रोशरमध्ये पॉवरच्या आकड्याशेजारी ‘@’ नंतर छापलेला आरपीएम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खरी गरज मोजू. सेडान गाडी सपाट रस्त्यावर १०० किमी वेगाने एकसारखी चालवायला हवेचा आणि टायरचा विरोध मिळून साधारण ४४० न्यूटन बल लागतं. चाकांवर ते १७ पीएस होतं, गिअरबॉक्समधली गळती धरली तर २०. म्हणजे पुणे रोडवर मोहोळ-टेंभुर्णी करत शंभरने जाणारी गाडी, मग ती ८० पीएसची असो की ४८० पीएसची, वापरते वीसच. १५० च्या वेगाला चाकांवर ४५ ते ५० पीएस लागतात, २०० ला शंभरच्या आसपास. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी विभाजित महामार्गावर कारला कमाल मर्यादा १०० आहे आणि राज्य त्याहून कमी ठरवू शकतं, त्यामुळे फलक बघूनच चालवायचं. तेव्हा टॉप स्पीडसाठी हॉर्सपॉवर विकत घेणं हा सोलापुरात निव्वळ तोटा आहे. हॉर्सपॉवर घ्यायची ती वेग वाढवण्यासाठी: ओव्हरटेकसाठी आणि घाट चढताना.

पायरी २: टनामागे पीएस काढा

गाडीची ताकद तिच्या वजनाने भागा. वजन म्हणजे कर्ब वेट (माणसं आणि सामान सोडून गाडीचं वजन), ते टनात घ्या. हा एक भागाकार दहा रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगतो.

नव्या स्विफ्टला ८२ पीएस आणि वजन सुमारे ९२० किलो, म्हणजे टनामागे ८९. आय-ट्वेंटी एन लाइनला १२० पीएस, वजन ११०० च्या आसपास, म्हणजे ११० च्या जवळ. व्हर्टस जीटीचं १.५ टीएसआय १५० पीएसचं आणि गाडी पावणेतेराशे किलोची, म्हणजे ११८. व्हर्नाचं १.५ टर्बो १६० पीएसचं, तिथे आकडा १२५ च्या वर जातो. ऑक्टाव्हिया आरएस आणि गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये २६५ पीएस घेऊन भारतात आल्या, त्यांचा आकडा १८० च्या घरात. बीएमडब्ल्यू एम३४०आयला ३७४ पीएस, पण वजन पावणेदोन टन, म्हणून २१४. एम२ ला ४८० पीएस आणि टनामागे पावणेतीनशे.

यात मजेशीर आकडा एका अशा गाडीचा आहे जी भारतात विकलीच जात नाही: माझदा एमएक्स-५. ताकद १८४ पीएस, वजन जेमतेम टनभर, आकडा १७५. म्हणजे २६५ पीएसच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या जवळपास, ऐंशी पीएस कमी असून. जगभरचे जाणकार हलक्या गाडीचा एवढा आग्रह का धरतात ते इथे कळतं. हलक्या गाडीला ब्रेक लहान चालतात, टायर स्वस्त लागतात आणि ती वळणात आधी वळते. उलट टोकाला एमजी सायबरस्टर आहे: ५१० पीएसची इलेक्ट्रिक, पण वजन दोन टनांना टेकलेलं. सरळ रेषेत तिच्यासमोर फार थोड्या गाड्या टिकतात, पण ब्रेक आणि टायरला ते दोन टन प्रत्येक वळणावर सोसावे लागतात.

भागाकार करताना माणसं विसरू नका. चार मोठी माणसं आणि सामान म्हणजे ३५० किलो. १२० पीएसची ११०० किलोची गाडी भरल्यावर ११० वरून ८३ वर येते. १५० पीएसची ११८ वरून ९३ वर. सगळं कुटुंब घेऊन तुळजापूरचा घाट चढताना जाणवतो तो हा दुसरा आकडा.

नवशिक्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे. टनामागे ८५ च्या खाली गाडी स्पोर्टी म्हणू नका. १०५ ते १३० ही शिकण्याची आणि मजा घेण्याची उत्तम जागा. १८० च्या वर जायचं ते किमान दोन-तीन वर्षं जोरकस गाडी चालवल्यावर.

पायरी ३: ओव्हरटेक आणि पकड

बार्शी-वैराग बाजूचे दुपदरी रस्ते डोळ्यांसमोर आणा. पुढे उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, तीही दोन ट्रॉल्या जोडलेली, आणि समोरून एसटी. इथे ६० ते १०० हा टप्पा किती सेकंदांत होतो यावर सगळं अवलंबून असतं. ढोबळ हिशेबाने, योग्य गिअरमध्ये, ८२ पीएसच्या हॅचबॅकला साडेआठ सेकंद लागतात आणि १५० पीएसच्या टर्बो सेडानला साडेपाच. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. सरासरी ८० च्या वेगाला तीन सेकंदांत गाडी ६५ मीटरहून जास्त जाते, म्हणजे तेवढा वेळ कमी तुम्ही समोरच्या लेनमध्ये असता. १५० पीएसवर खर्च केलेला रुपया इथे वसूल होतो. ३७४ पीएसची गाडी तेच काम तीन सेकंदांत करेल. पण पहिल्या उडीने तीन सेकंद वाचवले, दुसऱ्या उडीने दोन-अडीच, आणि त्यासाठी किंमत चौपट झाली.

आता पकडीचा प्रश्न. २५० न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरमध्ये, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची दातेरी जोडी) धरून, साधारण १५ पट होतो: ३,७५०. चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर धरली आणि गळती वजा केली, तर रस्त्यावर ११,००० न्यूटनचं ढकलबल तयार होतं. पुढची चाकं किती पेलतात? तेराशे किलोच्या गाडीचं ६० टक्के वजन, म्हणजे ७८० किलो, पुढच्या चाकांवर. कोरड्या डांबरावर घर्षण ०.९ धरलं तर ६,९०० न्यूटन, आणि वेग घेताना वजन मागे सरकतं म्हणून त्याहूनही कमी. म्हणजे १५० पीएसची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये पूर्ण दाबली तर चाकं फिरवणारच. पहिल्या पावसात, डांबरावर तेल आणि धूळ कालवलेली असताना, घर्षण निम्म्यावर येतं. तेव्हा ‘अजून पॉवर हवी’ असं वाटलं की आधी टायर बघा. ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागीच फिरणं आवरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा सारखा लुकलुकत असेल तर इंजिन कमी पडत नाही, रबर कमी पडतं.

मागच्या चाकांच्या गाडीत चूक वेगळ्या तऱ्हेने बाहेर येते. ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना अॅक्सिलरेटर लवकर दाबला की शेपूट बाहेर जाते. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) सांभाळून घेतो, तो बंद करायचा खेळ सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नको. शिकायचंच असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किमीचा ट्रॅक आहे, तिथे ट्रॅक-डे होतात.

पायरी ४: सोलापूरचं ऊन, पेट्रोल आणि रस्ता

ब्रोशरमधला आकडा थंड हवेतला असतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे. बिनटर्बो इंजिनाची दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते, म्हणजे इथे साडेचार टक्के. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की २५ अंशांच्या तुलनेत हवा सुमारे ६ टक्के विरळ होते. दोन्ही मिळून दहा टक्के: ८२ पीएसची गाडी उन्हाळ्यात ७४ ची होते आणि त्यातून एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा घेतो.

टर्बो इंजिन उंचीची उणीव भरून काढतं, उन्हाची नाही. इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीतून) वारा गेला तरच आत जाणारी हवा थंड होते. दुपारी नवी पेठ ते पार्क चौक रांगत आलात की इंटरकूलर तापलेला असतो. अशा वेळी नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क उशिरा देतो आणि गाडी सुस्त वाटते. बिघाड नसतो. शहराबाहेर दोन-तीन किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवली की ताकद परत येते. बॉनेटखाली रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत कापसाचं बोंड, चिंध्या, किडे अडकलेले असतील तर मात्र त्रास कायमचा राहतो. उसाच्या आणि काढणीच्या हंगामात ती जाळी महिन्यातून एकदा मागून पुढे, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पत्र्याच्या पट्ट्या दुमडतात आणि वारा कायमचा अडतो.

पेट्रोलचं झाकण उघडून आतला लेबल वाचा. तिथे किमान ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता) आणि ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालतं की नाही ते लिहिलेलं असतं. लेबलवर ९५ लिहिलं असेल तर ९५ ऑक्टेनचंच भरा, विशेषतः एप्रिल ते जूनमध्ये. ज्या गाडीला कंपनीने ९१ सांगितलं आहे तिच्यात महागडं पेट्रोल भरून जाणवेल असा फायदा नाही. १०० ऑक्टेनवरच नीट चालेल अशी गाडी किंवा असं ट्यूनिंग सोलापुरात घेऊच नका, कारण प्रत्येक फेरीला ते मिळेल याची खात्री धरता येत नाही.

आता टेप काढा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. असा असेल तर कोणतीही गाडी निघते. पण गल्लीतला, डेअरीसमोरचा, सोसायटीच्या तोंडाशी कुणीतरी ओतलेला गतिरोधक अरुंद आणि उंच असतो. तुमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे सगळे गतिरोधक मोजा. सरळ काठी गतिरोधकाच्या माथ्यावर आडवी धरा आणि काठीपासून सपाट रस्त्यापर्यंतचं अंतर टेपने घ्या. सगळ्यांत मोठा आकडा १५ सेंटिमीटर निघाला, तर माणसं बसलेल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स त्याहून जास्त हवा. व्हर्टसचा रिकामा १७९ मिलिमीटर आहे, भरल्यावर १४५ होतो, आणि खऱ्या स्पोर्ट्स कार ११० ते १३० वर असतात. तिरकी घालून चाक एक-एक करून उतरवलं तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाचतात, चमत्कार होत नाही. खाली सगळ्यांत आधी घासतं ते प्लास्टिकचं अंडरट्रे, मग एक्झॉस्ट. ऑइलचं चेंबर घासलं आणि लक्षात आलं नाही तर इंजिन जातं. शिवाय काळ्या मातीवरचे आपले जिल्हा रस्ते पावसाळ्यानंतर लाटा घेतात, तिथे कडक सस्पेन्शनची गाडी ७० लाही उसळते.

पायरी ५: पैशाचा खरा हिशेब

शोरूममध्ये सांगतात ती एक्स-शोरूम किंमत. तिच्यावर काय चढतं ते कागदावर घ्या.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पेट्रोल कारचा एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के आहे. कंपनीच्या नावावर घेतली किंवा आयात केलेली असली तर २० टक्के. कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) लागतो, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा आणि सीएला आठवण करा, बरेच जण हे विसरतात.

उदाहरण घेऊ. एक्स-शोरूम १९ लाखांची १५० पीएसची गाडी, स्वतःच्या नावावर. कर २ लाख २८ हजार, टीसीएस १९ हजार, पहिल्या वर्षाचा विमा ८० हजारांच्या आसपास, नोंदणी-फास्टॅग वगैरे धरून ऑन-रोड साडेबावीस लाखांच्या जवळ. हीच गाडी कारखान्याच्या कंपनीच्या नावावर घेतली तर कर ३ लाख ८० हजार, म्हणजे दीड लाख वाढले. चादरी-टॉवेलच्या उद्योगातली बरीच मंडळी घसाऱ्याच्या सवलतीसाठी कंपनीच्या नावावर घेतात. सवलत किती आणि हा जादा कर किती, ते आधी समोरासमोर मांडून बघा. ५० लाखांच्या आयात गाडीला २० टक्के म्हणजे दहा लाख नुसते करात. एमएच-१३ चा नंबर लागेपर्यंत ती गाडी ६२-६३ लाखांना पडते.

१२० पीएसच्या छोट्या टर्बो गाड्या स्वस्त का, तेही इथेच कळतं. सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर ४० टक्के. ९९८ सीसीची आय-ट्वेंटी एन लाइन १२० पीएस देऊन खालच्या दरात बसते. दर रुपयाला मिळणारी मजा मोजली तर आज अशा गाडीइतकी रास्त खरेदी दुसरी नाही, असं आम्हाला वाटतं. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आहे.

आता महिन्याचा खर्च, कारण गाडी विकायची वेळ बहुधा त्यानेच येते. वरच्या गाडीवर १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे ३१,१०० रुपये. वर्षाला १२ हजार किमी, जोरात चालवल्यावर १२ चं मायलेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १ लाख ५ हजार. दुसऱ्या वर्षापासून विमा ५५ हजारांच्या आसपास, सर्व्हिस १५ हजार, टायर-ब्रेकसाठी बाजूला ठेवायचे १५ हजार. सगळं मिळून महिन्याला ४७ हजार. हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त गाडीवर जाऊ नये, हा आमचा ठाम सल्ला. म्हणजे या गाडीला महिन्याचे १ लाख ९० हजार हवेत. १२ लाखांच्या गाडीला हाच आकडा लाखाच्या थोडा वर येतो.

ऊस किंवा डाळिंबाचं उत्पन्न असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हप्ता दरमहा येतो, पैसा हंगामाला, आणि उसाचं बिल एकरकमी मिळेलच असं नाही. अशांनी डाऊन पेमेंट निम्म्याच्या वर ठेवावं किंवा सहा हप्ते वेगळ्या खात्यात टाकूनच बुकिंग करावं.

टायरचा हिशेब करताना लोक हमखास चुकतात. १६ इंची २०५/५५ टायर साधारण सहा ते नऊ हजारांना एक. १८ इंची चांगला परफॉर्मन्स टायर १७ हजारांच्या पुढे. एम२ सारख्या गाडीला मागे २० इंची लागतात, तिथे एका टायरला चाळीस हजारांच्या वर मोजावे लागतात आणि ते १५-२० हजार किमीत संपतात. त्यात कमी उंचीचा टायर खड्ड्यात गेला की टायरबरोबर अलॉयही वाकतं. शोरूममध्ये १७ आणि १८ इंचाचा पर्याय असेल तर आपल्या रस्त्यांना १७ घ्या.

विम्यात थर्ड पार्टीचा दर सीसीवर ठरतो: १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४, पुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, हे २०२२ चे दर. १,४९८ सीसीचं इंजिन मधल्या गटात बसतं. झिरो डेप (दाव्यात घसारा न कापणारं) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम देणारं) ही जादा संरक्षणं पहिली तीन वर्षं घ्याच. इंजिन प्रोटेक्शनही घ्या, कारण ऑइल चेंबर फुटून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हा किमतीचाच भाग आहे. १२ ते २३ लाखांच्या गाड्यांची कामं गावात होतात. मोठ्या जर्मन गाड्यांसाठी पुणे गाठायचं, २५० किलोमीटर. बंद पडली तर फ्लॅटबेडचं भाडंच पंधरा-वीस हजारांत जातं. रोडसाइड असिस्टन्सच्या कागदावर टोइंगची किलोमीटर मर्यादा किती आहे ते सही करण्याआधी शोधा.

पायरी ६: टेस्ट ड्राइव्ह

सकाळी गारव्यात नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला मागा, हिवाळा असेल तर निदान एसी पूर्ण लावून. जाताना तुमच्या वजनाची आणखी दोन माणसं बसवा. किमान वीस किलोमीटर चालवायला मिळायला हवी, त्यात गर्दीची पंधरा मिनिटं आणि महामार्ग दोन्ही हवेत.

गर्दीत बघायचं ते असं: ब्रेक सोडल्यावर गाडी झटके न देता सरकते का? ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स रांगत्या रहदारीत तापतो. अॅक्सिलरेटरवर अर्धवट धरून ठेवल्याने क्लच घसरत राहतो, म्हणून पुढची गाडी चार-पाच मीटर जाऊ द्यायची, मग सोडायची. रोज आसरा ते सात रस्ता असं रांगणार असाल तर मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद देणारा) ऑटोमॅटिक बरा.

मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर आणा आणि पूर्ण दाबा. टर्बो जागा व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एकाच्या आत आला तर उत्तम, दोन सेकंद लागले तर ओव्हरटेकला तो अडथळा ठरतो. मग ८० वरून ३० पर्यंत कडक ब्रेक, लागोपाठ तीनदा. तिसऱ्यांदा पेडल खोल गेलं किंवा स्टिअरिंग थरथरलं तर त्या गाडीला तिच्या ताकदीइतके ब्रेक नाहीत. रात्री बिनलाइटच्या ट्रॉलीमागे हेच ब्रेक लागणार आहेत. शेवटी, मोजून ठेवलेला घराजवळचा सगळ्यांत वाईट गतिरोधक. तिथून गाडी न्यायला सेल्समन नाही म्हणाला तर त्यातच उत्तर मिळालं.

पायरी ७: जुनी घ्यायची असेल तर

सात-आठ लाखांत खरी मजा जुन्या बाजारातच आहे: पोलो जीटी टीएसआय, साधारण १४५ पीएसची अबार्थ पुंटो. पण स्वस्त किमतीच्या मागे दुरुस्तीचा खर्च असतो. गाडीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी ठेवा.

इंजिन थंड असतानाच बघायला जा, मालकाने आधीच सुरू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्ह सील. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) लावून जुने फॉल्ट कोड वाचा. सगळे कोड पुसलेले आणि रेडिनेस (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याची नोंद) अपुरा दिसला तर कालच कुणीतरी पुसलेत. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. जुन्या गाड्यांत ई-२० मुळे पेट्रोलचे रबरी पाइप कडक होऊन चिरतात, ते हाताने दाबून बघा. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, विक्रीचे २९ आणि ३० हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला कर धरला की फरक बराचसा भरून निघतो.

रीमॅपबद्दल थोडं

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं. त्यातून ११० चे १४० पीएस करून देतो म्हणणारे भेटतात आणि टर्बो इंजिनातून ते निघतातही. वाढलेला दाब आणि उष्णता मात्र त्याच पिस्टनना, त्याच क्लचला सोसावी लागते, आणि आपल्या उन्हात नॉकिंगची कड फार जवळ असते. वॉरंटी जाते. न सांगितलेला बदल सापडला तर विम्याचा दावा अडकतो. कंपनीच्या मूळ नोंदीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, १८२ए खाली एका बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तेवढेच पैसे टायर, ब्रेक पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला. ब्रेक ऑइल ओलावा धरतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

गाडी आल्यावर

पहिले १,५०० किलोमीटर पूर्ण दाबू नका आणि एकाच आरपीएमवर तासन्‌तास चालवू नका. नवे पॅड बसवायला ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक दहा-बारा वेळा, मधे थंड व्हायला वेळ देत. जोरात चालवून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आणा, म्हणजे टर्बोमधलं ऑइल करपत नाही. टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी. दुपारी मोजली तर तीच हवा चार-पाच पीएसआय जास्त दाखवते. ती जास्त आहे म्हणून सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर चालतो, कडा तापतात आणि मे महिन्यात टायर फुटण्याचं मोठं कारण तेच असतं.